हेड उघडण्याआधी

नव्याने बांधलेले इंजिन गाडीत बसते, पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात सुरूही होते, आणि तरी गाडीत दम नसतो. सकाळी स्टार्टर फार वेळ मारावा लागतो, उड्डाणपुलाच्या चढावर गिअर खाली आणावा लागतो, सिग्नलला उभे असताना इंजिन मधूनच थरथरते. मालकाने बोअरिंग, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, व्हॉल्व्ह अशा सगळ्याचे पैसे मोजलेले असतात. मग कोणीतरी प्लगच्या भोकात गेज लावतो, एका सिलिंडरचा आकडा कमी दिसतो आणि निकाल लागतो : कॉम्प्रेशन नाही, हेड उतरवा. दुरुस्तीतली सर्वांत मोठी चूक कुठे होते, याचे उत्तर बरेचदा या एका निकालात सापडते. नव्याने बांधलेल्या इंजिनातले भाग नवे असतात, त्यामुळे दोष झिजेत असण्यापेक्षा जोडणीत असण्याची शक्यता जास्त. जोडणीतला दोष इंजिन जोडलेले असेपर्यंतच दिसतो. हेड उतरते तेव्हा त्याच्याबरोबर पुरावाही उतरतो. म्हणून निदान आधी पूर्ण करावे आणि पाना मग हातात घ्यावा, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

मद्रासची इंजिने

हे तपासायला चेन्नईइतके योग्य शहर देशात क्वचित मिळेल. युनियन कंपनी मोटर्स आणि इंग्लंडची स्टँडर्ड मोटर कंपनी यांच्या भागीदारीतून १९४८ साली स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी इथे उभी राहिली. शहराच्या दक्षिणेला वंडलूर भागात तिचा कारखाना होता. व्हॅनगार्डपासून सुरुवात झाली, पुढे स्टँडर्ड एट आणि टेन आल्या, आणि १९६१ पासून जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन रचनाकाराने रेखाटलेली हेराल्ड. मुंबईकरांना कुर्ल्याची फियाट, म्हणजे नंतरची प्रीमियर पद्मिनी, जशी घरची, तशी मद्रासला हेराल्ड. तिचे बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटते आणि ९४८ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळे होते. त्यामुळे मिस्त्रीला टायरवर बसून काम करता येते. निदानासाठी याहून सोयीची गाडी शोधून मिळणार नाही.

गाड्यांचे उत्पादन बंद झाले तरी त्यांच्या भोवतीचा व्यवसाय शहरात राहिला. सेंबियममध्ये १९४९ पासून इंडिया पिस्टन्सचा कारखाना आहे. जनरल पॅटर्स रोडवर सुट्या भागांच्या दुकानांची रांग आहे. एग्मोरजवळ, कूवम नदीच्या काठाला लागून असलेल्या पुदुपेटमध्ये जुन्या गाड्या सुट्या होऊन विकल्या जातात : कुठे नुसते दरवाजे, कुठे गिअरबॉक्स, कुठे तेलाने काळी पडलेली हेडे एकावर एक रचलेली. हेराल्डचे अस्सल पिस्टन आज मागताक्षणी मिळत नाहीत. मग दुसऱ्या इंजिनाचे जवळच्या मापाचे पिस्टन घ्यायचे, लेथवर थोडे उतरवायचे, पिनेचे बुश बदलायचे आणि ब्लॉक त्या मापाला बोअर करायचा. या कौशल्यामुळेच जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत. पण नेमक्या याच जुळवाजुळवीतून असे दोष येतात, जे कंपनीच्या मूळ पुस्तकात लिहिलेले नसतात.

आकडा कुठून येतो

पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये मावणारी हवा आणि पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा यांचे गुणोत्तर म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. ९४८ सीसीच्या हेराल्ड इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला २३७ सीसी येतात. रेशो ८ धरला तर वरची मोकळी जागा सुमारे ३४ सीसी भरते. हवा आठपट आकसली की दाब वाढतो, शिवाय दाबताना ती तापते म्हणून तो आणखी वाढतो. उलट इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वर निघाल्यावरही थोडा वेळ उघडा असतो आणि काही उष्णता सिलिंडरच्या भिंतीत जाते, म्हणून तो कमी होतो. या सगळ्याचा हिशेब होऊन असे निरोगी इंजिन समुद्रसपाटीला दर चौरस इंचाला साधारण १३० ते १६० पौंड दाखवते. जुन्या अँबेसेडरचा किंवा पद्मिनीचा रेशो सातच्या थोडा वर असल्याने तिथे १२० च्या आसपासचा आकडाही चांगलाच म्हणायचा. नव्या गाडीचा आकडा डोक्यात ठेवून जुन्या इंजिनाला नापास करणे ही इथली पहिली चूक.

दुसरी चूक मोजण्याच्या रीतीत होते. इंजिन गरम हवे, चारही प्लग काढलेले हवेत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा आणि बॅटरी भरलेली हवी. ॲक्सिलरेटर मोकळा ठेवला तर कार्ब्युरेटरची झडप हवा अडवते आणि चारही आकडे पडतात. नव्याने बांधलेले इंजिन घट्ट असते, स्टार्टर ते सावकाश फिरवतो, आणि फिरणे मंदावले की हवेला निसटायला जास्त वेळ मिळतो. गेजच्या नळीतली एकमार्गी झडप प्लगच्या टोकाला नसून गेजच्या टोकाला असेल, तर नळीतली जागाही सिलिंडरच्या जागेत धरली जाते आणि आकडा खोटाच कमी येतो. उंचीचा परिणाम तर सहज विसरला जातो. चेन्नईत १४० दाखवणारे इंजिन पुण्याला १३० च्या आसपास आणि सव्वादोन हजार मीटर उंचीवरच्या उटीला १०५ ते ११० दाखवेल. त्यात बिघाड काहीच नसतो, बाहेरची हवाच विरळ असते. यावरून एवढे ठरते की एकटा आकडा निकाल देऊ शकत नाही. त्याला अर्थ येतो तो तुलनेतून : शेजारच्या सिलिंडरशी, पहिल्या फेरीच्या दाबाशी, आणि त्याच इंजिनाच्या मागच्या नोंदीशी.

चार सिलिंडर, चार आकडे

समजा, आकडे १४५, १४०, ९५ आणि १४० आले. सर्वांत कमी आकडा सर्वांत मोठ्या आकड्याच्या तीन-चतुर्थांशाखाली गेला की दोष मानायचा, असा जुना संकेत आहे. तिसरा सिलिंडर त्यात सापडतो. आता त्याचा काटा कसा चढला ते पाहायचे. पहिल्या फेरीत कमी आणि पुढच्या प्रत्येक फेरीत थोडा थोडा वर गेला, तर संशय रिंगांवर. पहिल्यापासून कमी आणि पुढे हललाच नाही, तर संशय व्हॉल्व्हवर. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर त्यांच्यामधली गॅस्केटची अरुंद पट्टी फुटली असावी. व्हॅनगार्डच्या इंजिनात याला आणखी एक पदर आहे. तिथे बोअर ब्लॉकमध्ये कोरलेले नसून बाहेरून पाण्याने वेढलेले सुटे लायनर असतात. बसवल्यावर त्यांचा काठ ब्लॉकच्या पातळीपेक्षा काही थाऊ (इंचाचे हजारावे भाग) वर राहावा लागतो. तो खाली बसला तर कितीही चांगली गॅस्केट टाकली तरी ती दाब धरत नाही. अँबेसेडरच्या इंजिनात दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा धूर एकाच वाटेने बाहेर पडतो, तो भाग जास्त तापतो, म्हणून तिथे हे दोन आकडे पडले तर गॅस्केटबरोबर एक्झॉस्ट व्हॉल्व्हचाही विचार करावा लागतो.

मिस्त्रींची पुढची पायरी ठरलेली : प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडायचे आणि पुन्हा मोजायचे. तेल रिंगांभोवतीची फट बुजवते. आकडा वाढला तर दोष रिंगांत, नाही वाढला तर व्हॉल्व्हमध्ये. ही चाचणी उपयोगी आहे, पण लहान इंजिनात ती फसवते. ३४ सीसीच्या जागेत ५ सीसी तेल पडले की उरतात २९ सीसी, आणि रेशो ८ वरून ९ च्या पुढे जातो. म्हणजे रिंगा ठणठणीत असल्या तरी आकडा पाचवा हिस्सा वाढू शकतो. अँबेसेडरच्या सुमारे ६० सीसीच्या जागेत तेच तेल याच्या निम्माच फरक पाडते. म्हणून फक्त संशयित सिलिंडरमध्ये तेल टाकून ‘वाढला, रिंगा गेल्या’ म्हणणे चूक आहे. चारही सिलिंडरमध्ये सारखे तेल टाकावे आणि कोणाचा आकडा इतरांपेक्षा जास्त वाढला ते पाहावे.

हवा निसटते ती वाट

आकडे दोष आहे एवढे सांगतात. तो कुठे आहे हे हवा सांगते. पिस्टन पूर्ण वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, गाडी गिअरमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला, अशा स्थितीत प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतो, तसेच हे तंत्र आहे. कार्ब्युरेटरमधून फुसफुस ऐकू आली तर इनटेक व्हॉल्व्ह गळतो, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. तेल ओतायच्या तोंडातून वारा आला तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा. शेजारच्या प्लगच्या भोकातून हवा आली तर मधली पट्टी. दोन गेजांचे उपकरण असेल तर किती टक्के हवा जाते तेही कळते : दहा टक्क्यांपर्यंत चिंता नको, वीसच्या पुढे शोध घ्यावा. रिंगांच्या टोकांमध्ये फट ठेवावीच लागत असल्याने थोडी हवा तेलाच्या टाकीकडे जाणारच, पण व्हॉल्व्हवाटे जाणारा आवाज थोडासाही चालत नाही. यासाठी लागणारा कॉम्प्रेसर टायरच्या प्रत्येक दुकानात असतो.

व्हॉल्व्ह गळतो असे निघाले तरीही हेड उतरवण्याची वेळ आलेली नसते, कारण व्हॉल्व्ह खराब असणे आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या इंजिनांत कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असते आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. मध्ये पुशरॉड आणि रॉकर. नवी गॅस्केट पहिल्या काही तापण्या-निवण्यांत दबते, हेडचे नट पुन्हा ताणले जातात, हेड किंचित खाली येते आणि टॅपेटची फट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली जागा, कमी होते. हेड लेथवर घासलेले असेल तर फरक आणखी. ही फट संपली की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह सीटवर टेकतच नाही आणि नवाकोरा व्हॉल्व्ह गळका ठरतो. यावर उपाय म्हणजे फीलर गेज आणि अर्धा तास. टॅपेट लावून पुन्हा हवा सोडावी. पण हेड उतरवायचे तर आधी रॉकर काढावे लागतात, आणि ते निघाले की टॅपेट चुकीचे होते का हे कधीच कळत नाही. मग त्याच व्हॉल्व्हना सीटवर घासून पुन्हा लॅप केले जाते, गॅस्केट बदलली जाते, टॅपेट या वेळी नीट लागतात, इंजिन सुधारते आणि श्रेय लॅपिंगला जाते. असे चुकीचे धडे गॅरेजांतून वर्षानुवर्षे पुढे जात राहतात.

टॅपेट बरोबर असूनही व्हॉल्व्ह गळत असेल तर मात्र कारण हेडमध्येच आहे. त्यातले एक कारण पेट्रोलशी जोडलेले आहे. ही इंजिने शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली. जळलेल्या शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांच्यामध्ये राहून झीज रोखत असे. भारतात फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. ज्या हेडमध्ये सीट थेट बिडाच्या धातूतच कापलेली आहे, तिथे जास्त वेगाने गाडी चालवत राहिल्यास व्हॉल्व्ह हळूहळू आत रुततो आणि टॅपेटची फट आपोआप बुजते. म्हणून बांधणीच्या वेळी कडक धातूच्या सीट ठोकून बसवतात. त्या ठोकण्यात माप चुकले तर सीट सैल पडते. नव्या हेडमधला हा खरा दोष, आणि तो सायलेन्सरमधून ऐकू येतो.

हवा न निसटताही

काही वेळा हवा कुठूनच जात नाही आणि तरी आकडा कमी असतो. चारही सिलिंडर सारखेच कमी असतील तर कारण मापांत शोधावे. इथे दोन समजुती तपासून पाहण्याजोग्या आहेत. बोअर मोठा केला की कॉम्प्रेशन पडते, असे पुष्कळजण मानतात. गणित उलटे आहे : हेराल्डचा ६३ मिलिमीटरचा बोअर चाळीस थाऊने, म्हणजे सुमारे १ मिलिमीटरने, वाढवला तर रेशो ८ वरून ८.२ होतो. दुसरी समजूत गॅस्केट जाड पडल्याची. ती अर्धा मिलिमीटर जाड असली तरी रेशो ७.७ च्या आसपास राहतो. तेवढ्याने गेज १४० वरून ९५ वर येणार नाही. दुसऱ्या इंजिनाचा पिस्टन पिनेपासून वर २ मिलिमीटर आखूड असेल, तर मात्र रेशो ६.९ वर येतो. पुदुपेटच्या जुळवाजुळवीत तपासायची जागा ही आहे. टायमिंग चेन एका दाताने मागे बसली तरी इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, आत घेतलेली हवा पिस्टन परत ढकलून देतो आणि चारही आकडे एकदम पडतात. रिंगा, व्हॉल्व्ह, गॅस्केट सगळे चांगले असताना.

एकाच सिलिंडरचा आकडा कमी आणि हवेची चाचणी मात्र स्वच्छ, असे झाले तर दोनच मोठे संशयित उरतात. कॅमचा एखादा उंचवटा झिजला असेल तर व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही आणि आत हवाच कमी येते. रॉकरवर डायल गेज ठेवून चारही सिलिंडरांची उचल मोजली की ते कळते. दुसरा संशयित म्हणजे वाकलेला कनेक्टिंग रॉड. डिसेंबर २०१५ च्या पुरात चेन्नईतल्या असंख्य गाड्या पाण्यात होत्या. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पाणी दाबले जात नाही, रॉड वाकतो आणि पिस्टन पूर्वीइतका वर येत नाही. बांधणीच्या वेळी रॉड सरळ आहे का हे तपासले नसेल तर हा दोष नव्या रिंगांखाली लपून राहतो.

थांबावे की उघडावे

‘चालवा, रिंगा बसतील’ हा सल्ला अर्धा खरा आहे. दाबलेली हवा रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटते. होनिंगच्या बारीक तिरप्या रेघांवर रिंग घासत घासत आपली जागा करते. त्यासाठी इंजिनावर भार पडायला हवा. दारात उभी करून तासभर आयडलला चालवलेली गाडी रिंगा बसवत नाही, उलट भिंत गुळगुळीत आणि चकचकीत होते आणि मग रिंगा कधीच बसत नाहीत. चारही आकडे थोडे कमी पण सारखे असतील, तेलाने चारही सारखे वाढत असतील आणि हवा फक्त तेलाच्या तोंडातून जात असेल, तर थांबणेच शहाणपणाचे. वेग बदलता ठेवून मध्यम भाराने काहीशे किलोमीटर चालवून पुन्हा मोजावे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळत असेल तर एक किलोमीटरही थांबू नये. व्हॉल्व्हची उष्णता सीटला टेकूनच बाहेर पडते. टेकला नाही की तो जळतो. एकाच गेजवरचा तोच कमी आकडा कधी ‘थांबा’ म्हणतो आणि कधी ‘लगेच काम करा’, आणि हा फरक ओळखणे म्हणजेच निदान.

यावर जुन्या मिस्त्रींचा आक्षेप रास्त आहे. हँडल टाकून इंजिन सावकाश फिरवले की चार वेळा हाताला रोध लागतो, आणि कोणता सिलिंडर कमजोर आहे ते मुरलेला हात लगेच ओळखतो. मंद फिरण्यात हवेला निसटायला वेळ मिळत असल्याने ही परीक्षा खरोखर सूक्ष्म आहे. पण हात ‘कोणता’ ते सांगतो, ‘का’ ते सांगत नाही, आणि हाताची नोंद पुढच्या माणसाकडे जात नाही. दुसरा आक्षेप पैशाचा : आपल्याकडे मजुरी स्वस्त, उघडून पाहिले तर बिघडले कुठे? बिघडते ते असे की प्रत्येक उघडण्याला नवी गॅस्केट लागते, जुने स्टड पुन्हा ताणले जातात, बसत आलेल्या रिंगा हलवल्या तर पुन्हा पहिल्यापासून बसवाव्या लागतात, आणि मिळेल त्या सुट्या भागांवर चालणाऱ्या गाडीला प्रत्येक उघडणे नव्या जुळवाजुळवीकडे नेते. तिसरा आक्षेप असा की गाडी वर्षातून एकदा पुदुच्चेरीपर्यंतच्या हेरिटेज फेरीला निघते, तिला एवढी चिकित्सा कशाला? कमी वापराच्या गाडीलाच ती जास्त हवी. समुद्राच्या दमट, खाऱ्या हवेत महिनोन्महिने उभ्या इंजिनात जो व्हॉल्व्ह उघडा राहतो, त्याच्या सीटवर आणि त्या सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरतो. तो दोष बांधणाऱ्याचा की उभे ठेवण्याचा, हे मागची नोंद असेल तरच ठरवता येते.

चुकीच्या निदानाची शेवटची पायरी म्हणजे मूळ इंजिन काढून दुसरे टाकणे. जुन्या अँबेसेडरमध्ये डिझेल इंजिन बसवण्याची लाट देशाने पाहिली आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे ‘कॉम्प्रेशन नाही’ या घाईच्या निकालाची किंमत आता गाडीच्या ओळखीपर्यंत पोहोचते.

म्हणून जुनी गाडी बाळगणाऱ्यांना, मग ती चेन्नईतली हेराल्ड असो वा दादरची पद्मिनी, एकच विनंती. बांधलेले इंजिन ताब्यात घेताना बिलाबरोबर एक कागद मागून घ्या : पिस्टनचे माप, टॅपेटची फट, गरम इंजिनाचे चार कोरडे आकडे, तेल टाकून चार, हवेची गळती किती टक्के आणि कुठून. काहीशे किलोमीटरनंतर त्याच गेजने तेच आकडे त्याच कागदावर पुन्हा लिहा. तो कागद भरलेला नसेल, तर कोणालाही हेडचा पहिला नट सैल करू देऊ नका.